तीन बोटं

माणसं मला मानेवरून ओळखू येतात.
चेहरे विसरतो.
मिडलबर्गच्या गुरुवारच्या बाजारात
टोपीखाली एखादी मान दिसली की आठवतं,
ही चौतीस सेंटिमीटर, हिचा दोरा ईस्टरला बदलला,
हिच्या चापाचं सोनं आतून पोकळ आहे
आणि ते हिच्या सासूला ठाऊक नाही.

दुकान चुलत्याचं. मी नुसता ओवणारा,
पटवेकरी म्हणा.
पोवळी येतात दक्षिणेतून, नेपल्सच्या बाजूने,
निळ्या कागदाच्या पुड्यांत.
तिकडच्या बायका त्यांना भोकं पाडतात,
दिवसभरात इतकी, की रात्री म्हणे
भाकरीतही भोक दिसतं.

खरं पोवळं दाताने ओळखायचं.
गार लागतं, किंचित खरखरतं.
काच गुळगुळीत. रंगवलेलं हाड जिभेलाच कळतं.
माझे पुढचे दोन दात झिजलेत त्यापायी.

याकोमीना आली नोव्हेंबरात, ओल्या शालीत.
फडक्यात तीन पदर,
चापावर कोरलेलं गलबत.
"बसत नाही," म्हणाली.

नऊ वर्षं पेटीत होती माळ.
आधी बाप गेला.
बापाचं सुतक फिटायला सहा आठवडे उरले
तेव्हा नवरा, क्राइन, कोळंबीच्या होडीवरून.
त्याचं संपत आलं तोवर भाऊ.
आमच्या बेटावर सुतकात लाल चालत नाही.
गळ्यात काळे मणी. मग जरा जांभळट.
मग पुन्हा काळे. पुन्हा काळे.
पोवळंही समुद्रातलंच,
पण बुडालेल्यासाठी ते चालत नाही.
का, ते मी कुणाला विचारलेलं नाही.

मी माप घेतलं. फीत गार होती, ती शहारली नाही.
माळ तेविसाव्या वर्षीची.
तेव्हापासून मासळीच्या टोपल्या वाहून
मान भरलेली.
तीन बोटं कमी.

चुलता आतून म्हणाला, नवी पोवळी घाल, परवडत असतील तर.
मी डबा उघडला. रंग जुळेना.
तिची फिकी पडली होती.
अंगाची ऊब नसली की पडतात,
असं आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो.
मग मीच सुचवलं, तिसरा पदर सोडवू,
दोनच करू, लांब.
"दोन पदर पोरींचे," ती म्हणाली.

आणि शालीतून दुसरी पुडी काढली.
"मागच्या बाजूला हे घाल.
चाप पुढे येतो. मागे टोपीची झालर आहे."

काळे मणी.

तसं चालत नाही.
सतरा वर्षांत कुणी मागितलं नव्हतं.
आमच्याकडे बाई एक तर लाल असते, नाही तर काळी.
चुलत्याने मान हलवली, म्हणजे नाही.

मी दुकान बंद झाल्यावर ओवलं.
रेशमाचा दोरा, दर मण्यामागे गाठ.
लाल, लाल, लाल, लाल,
इथे हात थबकला, मेणबत्ती सरकवली,
काळा.
काळे मणी हलके निघाले.
इतकी वर्षं मला वाटायचं, जड असतील.

सकाळी तिने माळ घातली. मी चाप लावला. टक्.
तिने पुढून आरशात पाहिलं.
मागचं दिसावं म्हणून मी हातआरसा पुढे केला,
तो तिने घेतला नाही.
"मागचं मला ठाऊक आहे."
मी पन्नास सेंट सांगितले होते.
तिने सत्तर ठेवले, आणि मासळीचा वास.

त्यानंतर गुरुवारी ती एकदा दिसली,
वारा होता, झालर उडत होती,
मी बटाट्यांचा भाव विचारत राहिलो.

गेल्या महिन्यात दोन बायका आल्या,
वेगवेगळ्या गावच्या.
दोघींच्या फडक्यात दोन-दोन पुड्या.
आत आल्यावर दोघींनीही दार लावून घेतलं.

चुलता आताशा दुपारी झोपायला वर जातो.
आधी कधी जात नसे.